पिकअप ऑफरोडला न्यायचीय? आधी तिच्या खाली झोपा

पिकअप हातात आली की पहिल्या आठवड्यातच बहुतेकांचं सगळं ठरलेलं असतं, पुढे दणकट बंपर, टपावर लाइटबार, दोन इंच लिफ्ट (स्प्रिंग बदलून गाडी उंच करणं) आणि जाड नक्षीचे टायर. मी पण हेच केलं, ह्याच क्रमाने, आणि पहिल्याच दगडी वाटेवर गाडी टेकली ती बरोबर मधोमध साइडस्टेपवर, स्टेप वाकून वर गेली आणि दरवाजाखालच्या पत्र्यात घुसली, ड्रायव्हरचा दरवाजा उघडेना, पलीकडच्या बाजूने उतरावं लागलं. लाइटबारला मात्र साधा ओरखडा नव्हता. तेव्हापासून कोणी विचारलं की काय काय बसवू, तर मी म्हणतो आत्ता काहीच बसवू नका, एक जुनी सतरंजी घ्या, टॉर्च घ्या आणि गाडीखाली झोपा.

खाली काय बघायचं

जागा सपाट हवी, इंजिन थंड हवं, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले. पिकअप तशी उंच असते, जॅक न लावताच खाली सरकता येतं, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही, स्टँड असेल तरच.

आता पुढून मागे बघत जा. रेडिएटरच्या खालची कड, मग एक पातळ पत्रा किंवा प्लास्टिकचं झाकण असतं, त्याच्या वर इंजिनचं चेंबर, म्हणजे ऑइल साठतं तो तळाचा भाग. बाजूला पुढच्या एक्सलचे रबरी बूट, ते फाटले की आतलं ग्रीस बाहेर आणि माती आत. पुढे गिअरबॉक्स, त्याला चिकटून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), मग ते तोलून धरणारा आडवा मेंबर, सायलेन्सरचा पाइप, एका बाजूला डिझेलची टाकी (बऱ्याच गाड्यांत ती प्लास्टिकची असते), मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), ते चासीला लटकवणारे शॅकल, एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर त्यात असतात) आणि हौद्याखाली लटकवलेली स्टेपनी. यातलं कुठलं सगळ्यात खाली लोंबतंय ते टेपने मोजा आणि लिहून ठेवा, गाडी चालवताना नेमका तोच आकडा डोक्यात असायला लागतो.

गाडी आधी एक-दोनदा कच्च्यात गेली असेल तर अजून सोपं, ओरखडे वाचा. चमकणारा ओरखडा ताजा, तांबूस झालेला जुना. पुढच्या मेंबरवर असेल तर चढ सुरू होतानाच घासतंय, पोटाखाली असेल तर उंचवटा ओलांडताना, आणि मागच्या हुकवर किंवा बंपरच्या कोपऱ्यावर असेल तर उतरून सपाटीला लागताना. हे ओरखडे म्हणजेच तुमची खरेदीची यादी, बाकी लोक काय बसवतात ते नंतर बघू.

पिकअपची गोची तिच्या लांबीत आहे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर किंवा त्याहून जास्त, आणि मागच्या चाकाच्या पाठीमागे हौद्याचं शेपूट वेगळंच. त्यामुळे पुढून चढायचा कोन ठीकठाक मिळतो, पण मधला कोन, म्हणजे उंचवट्यावर पोट न टेकता पार होण्याचा, तो आखूड जीपसारख्या गाडीपेक्षा कायम कमी राहणार, आणि मागचा कोनही तसाच. कितीही लिफ्ट केली तरी ही लांबी काही जात नाही, म्हणूनच पिकअपमध्ये पोट आणि बगला आधी वाचवायच्या, नाक नंतर.

आणि एक, गाडीत आहे ते आधी नीट वापरायला शिका. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर-एच म्हणजे चारही, फोर-एल म्हणजे चारही पण ताकद साधारण अडीचपट आणि स्पीड तितकाच कमी. बहुतेक पिकअपमध्ये मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-एच टाकून वळलात की पुढच्या-मागच्या चाकांचा फरक कुठेच जिरत नाही, सगळं ताणलं जातं, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर परत टू-एचला यायला नाही म्हणतो. मागे डिफलॉक (दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) असेल तर तो सरळ रेषेत, हळू, आणि निसरड्या जागीच.

पहिला खर्च टायरवर, आणि टायरच्या आधी हवा

फुकटातलं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन म्हणजे टायरमधली हवा कमी करणं, आणि नवीन माणूस नेमकं तेच करत नाही. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, जमिनीवर जास्त रबर टेकतं, दगडावर टायर दगडाच्या आकाराला बसतो आणि गाडी उडायची थांबते. आकडे गाडीच्या वजनावर अवलंबून आहेत पण सुरुवातीला असं धरा, डांबरावर दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलंय तितकी, रिकाम्या गाडीला ती साधारण ३० ते ३५ पीएसआय असते, खडीच्या कच्च्या रस्त्यावर २६ ते २८, दगडात २० च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८. १५ च्या खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून सुटू शकतो. हवा उतरवली की स्पीडही उतरवायचा, कमी हवेवर ८० ने पळालात तर टायरची बगल तापून फाटते, आणि परत डांबर लागलं की थांबून हवा भरायची, घरी जाऊन भरू असं नाही.

म्हणजे एक चांगला गेज आणि एक कॉम्प्रेसर लागणारच. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटर सॉकेटमध्ये घालायचे छोटे असतात ते पिकअपच्या टायरला पुरत नाहीत, तिसऱ्या चाकाला एकतर गरम होऊन बंद पडतात नाहीतर फ्यूज उडवतात.

टायर बदलायचेच तर एटी घ्या, म्हणजे ऑल-टेरेन. एमटी, म्हणजे मड-टेरेन, चिखलात आणि दगडात नक्कीच भारी पण रोज रस्त्यावर भुंग्यासारखा आवाज, ओल्या डांबरावर ब्रेक लांब, डिझेल जास्त, आणि आपण खरंच किती दिवस चिखलात असतो ते प्रामाणिकपणे मोजा. नक्षीपेक्षा मी बगल बघतो, कारण ऑफरोडला टायर जातात ते बहुतेक बगल फाटून, आणि बगलेचं पंक्चर नीट काढता येत नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.

साइजचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून एकदा हिशोब करून बघा. २६५/६५ आर १७ हा बऱ्याच पिकअपचा मूळ साइज, त्याचा व्यास साधारण ७७६ मिमी. २६५/७० आर १७ टाकला तर ८०३. फरक २७, पण जमिनीपासून उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १३ मिमी. ह्या तेरा मिलिमीटरसाठी स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा तीन-साडेतीन टक्के जास्त पळते, गिअर थोडे लांब होतात, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून चाक वर दाबलं गेलं की आतलं प्लास्टिक घासतंय का ते बघावं लागतं. तरी हे तेरा मिमी खरे, कारण डिफरन्शियलचा गोळा उचलायचा तर टायरच मोठा लागतो, स्प्रिंगने तो उचलला जात नाही. स्टेपनीही त्याच साइजची हवी (फोर-एचमध्ये तीन मोठे आणि एक छोटा टायर म्हणजे गिअरवर अत्याचार) आणि ती हौद्याखालच्या जागेत मावते का हे टायर घेण्याआधी बघा, नंतर नाही.

ओढायचा पॉइंट, इथे जुगाड नको

गाडी रुतणार, ते गृहीत धरा. ती काढताना माणसं जखमी होतात, मरतात पण, म्हणून बाकी सगळं पुढे ढकललं तरी चालेल पण हे नाही.

पुढे खाली जो छोटा गोल डोळा किंवा वाकवलेला हुक दिसतो तो बऱ्याच गाड्यांत ट्रकवर-जहाजावर गाडी बांधायला दिलेला असतो, रुतलेली गाडी झटक्याने ओढायला नाही. मॅन्युअलमध्ये बघा काय लिहिलंय. नसेल रेटेड तर चासीला बोल्टने बसणारा, वर क्षमता लिहिलेला रिकव्हरी पॉइंट घ्या, शक्यतो दोन. मागे ट्रेलरचा गोळा असेल तर त्याला पट्टा कधीही, म्हणजे कधीही अडकवायचा नाही. तो गोळा सरळ ट्रेलर ओढायला बनवलाय, झटक्यात त्याची मान तुटली की लोखंडाचा गोळा ताणलेल्या पट्ट्याबरोबर गोळीसारखा पुढच्या गाडीची काच फोडून आत जातो, असे मृत्यू झालेले आहेत. गोळा आणि त्याची दांडी पूर्ण काढायची, ती बसते त्या चौकोनी रिसीव्हरमध्ये शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) असलेला रेटेड हिच घालायचा.

पट्टे दोन जातीचे असतात आणि दिसायला सारखेच. एक ताणणारा, कायनेटिक, दुसरी गाडी थोडी पळत येऊन झटका देते तेव्हाचा. दुसरा न ताणणारा, विंचची (गाडीवर बसवलेलं दोरी ओढायचं यंत्र) लांबी वाढवायला किंवा झाडाला गुंडाळायला. न ताणणाऱ्याने झटका दिलात तर काहीतरी तुटणारच, प्रश्न फक्त काय एवढाच. लोखंडी शॅकल ४.७५ टनाचा घ्या, आकडा त्यावर कोरलेला असतो, पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे. दोन पट्टे जोडायला मध्ये लोखंडी शॅकल घालायचा नाही. पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं किंवा जड जॅकेट टाकायचं, आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करायचं, व्हिडिओ काढणाऱ्याला सगळ्यात आधी.

खरं सांगू, नव्वद टक्के वेळा यातलं काहीच लागत नाही. फावडं, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या खाचांच्या फळ्या) आणि अजून थोडी कमी हवा. चाक नुसतं फिरायला लागलं की पाय उचला, त्या पहिल्या पाच सेकंदांत ॲक्सिलरेटर दाबत राहिलात की गाडी चासीवर बसते आणि मग अर्धा तास खणत बसा.

पोटाखालचा पत्रा

आता स्किडप्लेट. गाडीबरोबर येतो तो पत्रा बहुतेक वेळा चिखल-पाणी उडू नये म्हणून असतो, दगड झेलायला नाही, बोटाने दाबून बघा, दबला तर समजून जा.

स्टील ३ ते ४ मिमी किंवा ॲल्युमिनियम ५-६ मिमी. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण दगडावर ते घसरत नाही, दगड त्यात रुततो आणि खरवडत जातो, स्टील जड पण दगडावरून सरकून जातं. पाणी, वाळू, खडी एवढंच असेल तर ॲल्युमिनियम छान, खरोखर दगडावर गाडी ठेवणार असाल तर स्टील. सगळे भाग एकदम नको असतील तर क्रम असा, आधी रेडिएटर ते चेंबर, मग गिअरबॉक्स-ट्रान्सफर केस, मग टाकी. चेंबर फुटलं की ऑइल गेलं, आणि ऑइल गेलं की इंजिन गेलं, हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं, म्हणून ते पहिलं.

विकत घेताना लोक जाडी विचारतात, मी आधी हे विचारतो की तो बसतो कशावर. प्लेट चासीवर आणि मेंबरवर बोल्ट झाली पाहिजे, गिअरबॉक्सच्या अंगावर नाही, नाहीतर दगडाचा ठोका थेट गिअरबॉक्सला. प्लेट आणि चेंबरमध्ये दोन बोटं तरी जागा हवी, प्लेट दबली तरी चेंबरला लागू नये. बोल्टची डोकी आत बसलेली हवीत, बाहेर आली असतील तर पहिल्याच ट्रिपला ती घासून गोल होतात आणि मग पाना लागत नाही, छिन्नी घ्यावी लागते (माझे दोन बोल्ट असेच ग्राइंडरने कापून काढलेत). ऑइल बदलताना पूर्ण प्लेट काढावी लागू नये म्हणून खाली भोक असतं का बघा. आणि हवा खेळायला, चिखल धुऊन निघायला फटी हव्यात, पण इतक्या मोठ्या नको की काठी अडकेल.

ह्यात एक धोका आहे जो नवीन माणसाला कोणी सांगत नाही. उंच वाळलेल्या गवतातून गाडी गेली की ते गवत प्लेटच्या वर, सायलेन्सरच्या पाइपाजवळ गच्च भरून बसतं. आधुनिक डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तिथे प्रचंड उष्णता असते, आणि गवत पेटतं. अख्ख्या गाड्या जळाल्यात अशा. गवतातून गेलात की दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबून खाली बघायचं, आकडी तार ठेवायची ओढून काढायला, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, सीटच्या मागे सामानाखाली पुरलेला नाही.

बगला, म्हणजे स्लायडर

साइडस्टेप पाय ठेवायला असतो, त्याच्या पातळ ब्रॅकेटा आतल्या पत्र्याला धरलेल्या असतात, गाडीचं वजन आलं की स्टेप वर वाकतो आणि जो पत्रा वाचवायचा तोच दाबतो. माझं झालं ते हेच. स्लायडर दिसायला तसाच असतो पण त्याचे जाड पाय चासीवर बसतात, आणि निम्मी गाडी त्यावर टेकली तरी तो वाकत नाही. परीक्षा सोपी, स्लायडरखाली जॅक लावून त्या बाजूचं चाक उचलून बघा, गाडी उचलली आणि नळी हलली नाही तर खरा, नाहीतर स्टेपच. नळी थोडी बाहेरच्या बाजूला वर झुकलेली असली की झाडाचा बुंधा किंवा दगड गाडीला आपल्यापासून लांब ढकलतो. वेल्डिंगने बसवायला निघालेला कारागीर भेटला तर त्याला आधी चासीवर वेल्डिंग चालतं का हे गाडीच्या कंपनीच्या सूचनांत बघायला लावा आणि बॅटरी सोडवायला सांगा, मी स्वतः बोल्टचेच घेतो.

पाणी आणि धूळ

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा पाइप, लावला म्हणजे गाडी पाणबुडी झाली असं नाही. पिकअपच्या मॅन्युअलमध्ये पाण्याची खोली दिलेली असते, कुठे ७०० मिमी, कुठे ८००, आणि स्नॉर्केलने तो आकडा वाढत नाही कारण वायरिंग, अल्टरनेटर, दरवाजाचं रबर हे सगळं तिथेच आहे. स्नॉर्केल दोन कामं करतो, लाटेचं पाणी इंजिनात जाऊ देत नाही आणि ताफ्यात चालताना वरची कमी धुळीची हवा घेतो, आणि दुसरंच काम वर्षभर उपयोगी पडतं. पाणी इंजिनात गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल्फ मारून चालू करायची नाही, ओढून बाहेर काढायची आणि एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघायचं.

पण स्नॉर्केलच्या कितीतरी आधी, आणि त्याच्या एक दशांश कटकटीत होणारं काम म्हणजे ब्रीदरच्या नळ्या. डिफरन्शियलला वर एक छोटी टोपी असते, गरम झाल्यावर आतली हवा बाहेर जावी म्हणून. आता तासभर चालून गोळा तापलेला आहे आणि तुम्ही थंड पाण्यात उतरलात, आतली हवा एकदम आकसते, आणि आकसली की बाहेरून काहीतरी ओढणारच, बाहेर आहे पाणी. सील कितीही चांगला असला तरी टोपीतून पाणी आत. एका मित्राच्या गाडीचं डिफ ऑइल मी असंच काढलं होतं, बोल्ट सैल केला आणि काळ्या-सोनेरी तेलाऐवजी राखाडी, दुधाळ, फेसाळलेलं काहीतरी ओघळायला लागलं, त्याला पाण्यात उतरून महिना झाला होता आणि गाडी रोज चालत होती. उपाय काय, तर पुढचा-मागचा डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरला रबरी नळी जोडायची आणि ती बॉनेटखाली उंच नेऊन टोकाला छोटा फिल्टर लावायचा. मागच्या नळीला एक्सल वर-खाली होईल इतकी ढील ठेवायची, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात उपटून येते. शनिवारची एक दुपार पुरते.

आता वजन, मग लिफ्ट

इथपर्यंत आलात तर स्प्रिंग अजून घेतले नाहीत ना? छान. स्प्रिंग शेवटी घ्यायचे, कारण ते किती वजनासाठी घ्यायचे हे सगळं बसल्याशिवाय कळत नाही.

पिकअप कागदावर साधारण एक टन उचलते. आता माझ्या वहीतला हिशोब बघा. स्टीलचा बंपर ६० किलो, विंच ३५, दोन्ही स्लायडर ५०, प्लेटा ४०, हौद्यावरची कॅनपी (बंद टप) ९०, आत ड्रॉवर ७०, दुसरी बॅटरी २५, भरलेला फ्रिज ४०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. झाले ४७०. पाच माणसं ७५ ची धरली तर ३७५. एकूण ८४५, राहिले १५५, त्यात तंबू, हत्यारं, जास्तीचं डिझेल, कपडे, आणि टपावरचा रॅक अजून धरलाच नाही. मागे ट्रेलर असेल तर त्याचा हुकवर येणारा भार पण यातच. जाड स्प्रिंग घातले म्हणून गाडीच्या प्लेटवरचा एकूण वजनाचा आकडा आपोआप वाढत नाही, ब्रेक, एक्सल, चासी तेच आहेत. शिवाय बंपर आणि विंच पुढच्या चाकाच्याही पुढे असतात, त्यामुळे पुढच्या एक्सलवर त्यांच्या वजनापेक्षा जास्तच भार येतो आणि मागचं थोडं हलकं होतं. एकदा पूर्ण भरून वजनकाट्यावर जा, पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा.

मग त्या वजनाला जुळणारे स्प्रिंग आणि पाटे. पुढे बंपर नसताना जड स्प्रिंग घातले तर गाडी लाकडी घोडा होते, मागे सतत ५०० किलो नसताना जाड पाटे घातले तर कच्च्या रस्त्याच्या लाटांवर शेपूट बाजूला उड्या मारत जातं, आणि ते भीतीदायक असतं. लिफ्ट दोन इंचाच्या आत ठेवा, म्हणजे ५० मिमी. त्याच्या वर गेलात की पुढच्या एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात चालतात, बूट फाटतात, वरचे आर्म बदलावे लागतात, एक भाग बदलला की दुसरा रडतो. लिफ्टनंतर अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं, आणि चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणत नाही ना ते बघणं, ही तीन कामं त्याच दिवशी. शॉकॉब्सर स्वस्तातले घेऊ नका, लांब खडबडीत रस्त्यावर ते इतके तापतात की हात लावता येत नाही आणि आतलं तेल दम सोडतं.

मागे पाट्यांच्या मदतीला एअरबॅग (हवेची पिशवी) घालून वाकलेली गाडी सरळ करायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. पाटे आपला भार चासीवर दोन टोकांना देतात, एअरबॅग तो सगळा मधल्या एका जागी देते, आणि मागच्या चाकामागे जड सामान असेल आणि खड्डा आला तर चासी केबिनच्या मागे वाकते. हौदा आणि केबिनमधली फट वर रुंद, खाली अरुंद दिसायला लागली तर समजा उशीर झाला.

बंपर आणि विंच

हे थोडक्यात. एकटे जात असाल तर विंच, नेहमी सोबत दुसरी गाडी असेल तर नाही घेतलं तरी चालतं. क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट, ३ टनाच्या गाडीला साडेचार टन, म्हणजे दहा हजार पौंडाचं, आणि लिहिलेली ताकद ड्रमवर दोरीचा फक्त पहिला थर असताना मिळते, वर थर चढतील तशी कमी. दोरी सिंथेटिक घ्या, हलकी असते, तुटली तर तारेसारखी चाबूक मारत नाही, फक्त उन्हापासून आणि धारदार दगडापासून जपावी लागते. बंपर अपघातात उघडणाऱ्या एअरबॅगला चालणारा आहे का, पुढचा रडार-सेन्सर झाकला जातो का आणि तो लावायला कायद्याने परवानगी आहे का, हे तीन प्रश्न पैसे द्यायच्या आधी. इन्शुरन्सवाल्यांना पण सगळ्या बदलांबद्दल लेखी कळवा, क्लेम अडकतो तो इथेच.

हौदा

हौद्याला दोन प्रकारचं अस्तर मिळतं. प्लास्टिकचा तयार साचा वरून ठेवतात तो, आणि फवारून चिकटवतात तो. साचा अर्ध्या तासात बसतो, पण त्याच्या खाली वाळू आणि पाणी जातं, गाडी हादरते तशी वाळू रंग घासत राहते, आणि वर्षाने साचा उचलला की खाली गंजाचा नकाशा. ठेवायचाच तर दर काही महिन्यांनी उचलून धुवा. फवारलेला जास्त टिकतो, फक्त आधी पत्रा नीट घासून, तेलकटपणा काढून घेतला पाहिजे, तिथे घाई केलेली असेल तर पापुद्रे निघतात.

धूळ येते ती फाळक्याच्या फटीतून. गाडी चालते तेव्हा मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या चारही बाजूंनी रबर लावा, विशेषतः खालच्या बिजागरीपाशी, आणि कॅनपीला पुढे वरच्या बाजूला एक झडप असेल तर ती उघडी ठेवा, पुढून हवा आत आली की आतला दाब वाढतो आणि मागून धूळ येत नाही. जड सामान पुढे, केबिनला चिकटून आणि तळाला, चारही बाजूंनी बांधलेलं.

वायरिंगचं एकच सांगतो, जी काही वायर बॅटरीवरून निघेल तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडी हवी. फ्यूज लांब दिव्यापाशी लावला आणि मध्येच वायर घासली तर फ्यूजला पत्ताच लागत नाही.

परत आल्यावर

त्याच दिवशी खालून धुवा, समुद्राचं पाणी किंवा खारी माती असेल तर नक्कीच. चासी ही पोकळ पेटी असते, तिच्या भोकांतून पाइप घालून आतून पाणी मारा, स्वच्छ पाणी खालून बाहेर येईपर्यंत, आणि चिखलाने बंद झालेली निचऱ्याची भोकं मोकळी करा. गंज थांबवायला मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग मारता येतं, पूर्ण वाळल्यावर, पण ब्रेकची डिस्क, सायलेन्सर आणि रबरी बुश सोडून. एअर फिल्टर काढून झटका, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा, खोल पाण्यातून आला असाल तर डिफचं तेल थोडंसं काढून रंग बघा.

मग बोल्ट. नवीन बसवलेलं काहीही पहिल्या ट्रिपनंतर थोडं सैल होतंच, चाकाचे नट तर ५० ते १०० किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात. मी प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला की त्याच्या डोक्यावरून प्लेटवर अशी पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारतो, रिकव्हरी पॉइंट, स्लायडर, स्किडप्लेट, पाट्यांचे यू-बोल्ट, सगळ्यांना. पुढच्या वेळी सतरंजी टाकून खाली झोपलं की टॉर्च फिरवायचा फक्त, जिथे रेघ मोडलेली दिसते तिथे पाना लावायचा.